घरी बांधलेला ट्यूब अ‍ॅम्प बोलत नसेल तर

घरी बांधले जाणारे बरेचसे छोटे गिटार अ‍ॅम्प १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पच्या वळणाचे असतात. पुढे (गिटारचा सिग्नल वाढवायला) एक १२एएक्स७ ट्यूब, आवाजाला (स्पीकर चालवायला) एक ६व्ही६जीटी, रेक्टिफायरला (एसीचा डीसी करायला) ५वाय३जीटी, आणि मिळून चार-पाच वॅट. खालचे सगळे आकडे याच घडणीचे आहेत, ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० ते ३२५-०-३२५ व्होल्टचा धरून. तुम्ही ६व्ही६च्या जागी ईएल८४ लावला असेल तर पिना आणि व्होल्टेज बदलतील, शोधायची रीत बदलणार नाही.

रीत एकच: आधी मोजायचं, मग बदलायचं. सोलापुरात तर याला पर्यायच नाही. चांगला ६व्ही६ किंवा ६३० व्होल्टचा कॅपॅसिटर हवा असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातलं पासोड्या विठोबाजवळचं मार्केट किंवा कुरिअर. "बदलून बघू" म्हटलं की आठवडा गेला आणि वर नवीन ट्यूबही त्याच जुन्या दोषाने जळाली, असं होतं.

आधी जीव

या डब्यात ३४० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कॅपॅसिटरमध्ये बसून राहतो. २२ किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना वायर आणि मगरक्लिप लावा, वर जाड स्लीव्ह चढवा. प्लग काढा, एक क्लिप चॅसिसला, दुसरी पहिल्या फिल्टरच्या प्लसला. दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग प्रत्येक फिल्टरवर मीटर लावून बघा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे पुष्कळ भेटतील; कॅपॅसिटर आणि डोळे दोन्ही त्यात जातात.

चालू सेटमध्ये मोजताना काळी प्रोब क्लिपने चॅसिसला अडकवून टाका, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात पाठीमागे. पायात चप्पल, खाली कोरडी लाकडी पाटी. मीटर किमान ६०० व्होल्ट डीसीचा हवा, आणि त्याच्या वायरी तडकलेल्या नकोत. स्पीकर किंवा ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प कधीच चालू करू नका, कारण लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर उसळणारं व्होल्टेज आतलं इन्सुलेशन फोडतं.

अर्थिंगबद्दल इथे जरा थांबावं लागेल. उन्हाळ्यात घराच्या अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं एसी व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतील. दहा-वीस दिसले, किंवा फेज-अर्थचं रीडिंग फेज-न्यूट्रलपेक्षा बरंच कमी आलं, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, खड्ड्यात पाणी घाला. घरघर कमी होते म्हणून प्लगची अर्थ पिन काढणं हा उपाय नाही. गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या असतात आणि त्या तुमच्या बोटांखाली असतात.

प्लग न लावता तपासणी

सगळ्या ट्यूब काढून ठेवा, मीटर ओहमवर.

प्लगची अर्थ पिन ते चॅसिस: १ ओहमच्या आत. बी प्लस (रेक्टिफायरनंतरचा मुख्य डीसी पुरवठा) ते चॅसिस: कॅपॅसिटर भरत जाईल तसा आकडा चढत शेकडो किलोओहमवर गेला पाहिजे; शून्याजवळ अडला तर फिल्टर उलटा लागला आहे किंवा कुठेतरी वायर टेकली आहे. ६व्ही६ची ३ नंबर पिन ते बी प्लस: आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, दोनशे ते पाचशे ओहम. ८ नंबर ते चॅसिस ४७० ओहम, ५ नंबर ते चॅसिस २२० किलोओहम. १२एएक्स७च्या ३ आणि ८ नंबर पिनेपासून चॅसिसपर्यंत प्रत्येकी १.५ किलोओहम. शॉर्टिंग जॅक (प्लग काढला की इनपुट ग्राउंडला टेकवणारा) असेल तर प्लग न घालता २ नंबर ते चॅसिस ६८ किलोओहम.

आकडा चुकला तर पहिला संशय पिन मोजण्यावर घ्या. पिना खालून बघताना, सोल्डरच्या बाजूने, घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. वरून मोजल्या की सगळं आरशात दिसल्यासारखं उलटं जुळतं. दुसरा संशय रंगांवर. १.५ किलोओहम म्हणजे तपकिरी-हिरवा-लाल, १५ किलोओहम म्हणजे तपकिरी-हिरवा-नारिंगी, आणि एलईडीच्या उजेडात लाल-नारिंगी ओळखणं अवघड जातं. बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजायचा.

सिरीज लॅम्प

मोटार वाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात भिंतीला टांगलेला असतो तो सिरीज बोर्ड इथे लागतो: फेजमध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा पिवळा बल्ब, त्याच्या पुढे सॉकेट. एलईडी बल्ब चालत नाही.

पहिल्यांदा एकही ट्यूब न लावता चालू करा. बल्ब क्षणभर लाल होऊन विझायला हवा. झगझगीत पेटला तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याचं वायरिंग शॉर्ट आहे, बंद करा. विझला तर एसी मोजा: ५वाय३च्या ४ आणि ६ नंबरवर चॅसिसपासून सारखंच व्होल्टेज, हीटरवर ६.३, ५वाय३च्या २ आणि ८ मध्ये ५. ट्यूब नसल्यामुळे हे आकडे पाच-दहा टक्के चढे येतील, त्याने घाबरू नका.

मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावा, हीटर लाल दिसतात का बघा. १२एएक्स७ला ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ जोडून एक टोक, ९ हे दुसरं टोक. ४ आणि ५ मध्येच ६.३ दिलं तर ट्यूब मिणमिणते आणि आवाज नावाला येतो. शेवटी ५वाय३ लावा. आता बल्ब मंद जळत राहील, कारण सेट पस्तीस-चाळीस वॅट ओढतो. पेटता पेटता प्रखर होत गेला तर बी प्लसच्या बाजूला शॉर्ट आहे. सगळं शांत असेल तरच सरळ लाइनवर जा. फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो. तो उडतो म्हणून ३ अँपिअरचा घातला तर फ्यूज वाचतो आणि ट्रान्सफॉर्मर जातो.

फ्यूज उडत असेल तर ५वाय३ काढून बघा. तरीही उडला तर दोष ट्रान्सफॉर्मर-हीटरच्या बाजूला, थांबला तर ५वाय३मध्ये किंवा तिच्या पुढे.

व्होल्टेज काय सांगतं

लाइन २३० व्होल्ट, व्हॉल्यूम शून्य, गिटार काढलेली, सेट पाच मिनिटं तापलेला. चॅसिसपासून डीसी:

५वाय३ पिन ८: ३४० च्या आसपास
६व्ही६ पिन ३ (प्लेट): ३३० च्या आसपास
६व्ही६ पिन ४ (स्क्रीन): ३०० च्या आसपास
६व्ही६ पिन ५ (ग्रिड): ०
६व्ही६ पिन ८ (कॅथोड): १८ ते २०
१२एएक्स७ पिन १ आणि ६ (प्लेट): १४० ते १८०
१२एएक्स७ पिन ३ आणि ८ (कॅथोड): १.१ ते १.६

दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. आकडे एकमेकांशी जुळतात का, हे जास्त महत्त्वाचं. ६व्ही६च्या ८ नंबरवर १९ व्होल्ट म्हणजे ४७० ओहममधून ४० मिलिअँपिअर. त्यातले दोन-तीन स्क्रीनचे सोडले तर प्लेटला ३८. प्लेट ते कॅथोड ३११ व्होल्ट, गुणाकार ११.८ वॅट. ६व्ही६जीटीची जुन्या डेटाशीटमधली मर्यादा १२ वॅट. म्हणजे ट्यूब काठावरच चालते आहे, आणि रात्री यंत्रमाग बंद झाल्यावर लाइन २४५ वर चढली की काठ ओलांडते. अशा वेळी ४७० च्या जागी ५६० ओहम, ५ वॅट लावलेला बरा. हीटरही तपासा: ५.७ ते ६.९ च्या मध्ये हवा.

आता चुकीचे आकडे. ८ नंबरवर शून्य दिसलं तर प्लेटकडे बघा. प्लेटवर पूर्ण बी प्लस असेल तर ट्यूबमधून करंटच जात नाही: हीटर, ट्यूब, किंवा स्क्रीनला व्होल्टेज नाही. पण शून्य असूनही प्लेट लाल होत असेल आणि बी प्लस खाली बसला असेल, तर कॅथोडचा २५ मायक्रोफॅरडचा बायपास कॅपॅसिटर शॉर्ट झाला आहे. तोच शून्य, दोन अगदी उलट दोष.

८ नंबरवर तीस-पस्तीस व्होल्ट आले तर ५ नंबर मोजा. तिथे प्लसमध्ये काही दिसलं तर सेट बंद करा, ६व्ही६ काढा, पुन्हा चालू करून लगेच मोजा. ट्यूब नसतानाही प्लस दिसतो तर १२एएक्स७कडून येणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर गळतो आहे. प्लस गेला तर ट्यूब गॅसी आहे, म्हणजे तिच्या आत गॅस उरला आहे. या एका चाचणीने कपलिंग आणि ट्यूब यांतलं कोण चोर ते कळतं. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेले कागदी कॅपॅसिटर वापरले असतील तर बहुधा कपलिंगच. ६३० व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर लावा.

३ नंबरवर शून्य आणि ४ नंबरवर व्होल्टेज, असं दिसलं तर ताबडतोब बंद. प्रायमरी तुटली आहे आणि सगळा भार स्क्रीनवर पडला आहे. आतली जाळी लाल होऊन ट्यूब मरते.

१२एएक्स७च्या प्लेटवर पुरवठ्याइतकंच व्होल्टेज आणि कॅथोडवर शून्य: ट्यूब वाहत नाही. दोन्हीकडे जवळजवळ शून्य: १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर उघडा पडला आहे, किंवा तिथला सोल्डरचा डाग कच्चा आहे.

पहिला फिल्टर

घरघर कमी व्हावी म्हणून ५वाय३च्या मागे १०० मायक्रोफॅरड लावायचा मोह होतो. लावू नका. ५वाय३साठी पहिला कॅपॅसिटर २० मायक्रोफॅरडच्या आसपासचा, बाजारात मिळणारा २२ चा. मोठा लावला की चालू करताना भरण्याचा करंट इतका उसळतो की रेक्टिफायरच्या आत ठिणग्या पडतात. जास्त फिल्टर हवा तर पहिल्या फिल्टरनंतरच्या १० किलोओहम रेझिस्टरच्या पलीकडच्या टप्प्यांवर द्या.

५वाय३ काही सेकंदांत तापते, ६व्ही६ला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ बी प्लसला लोडच नसतो आणि तो शिखराला जातो: ३०० गुणिले १.४१४, म्हणजे ४२४ व्होल्ट. लाइन २४५ असेल तर ४५२. ३२५ च्या ट्रान्सफॉर्मरला तर २३० वरच ४६०. म्हणून ४५० व्होल्टचा कॅपॅसिटर इथे अपुरा आहे, ५०० चा घ्या आणि १०५ अंशाचा घ्या. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४२ अंशांवर असते, चॅसिसच्या आत त्याहून कितीतरी जास्त, आणि ८५ अंशाचे इलेक्ट्रोलिटिक लवकर वाळतात. ५वाय३ मिळत नाही म्हणून १एन४००७ डायोड लावणाऱ्यांनी हाच हिशोब करावा: चालतानाही व्होल्टेज साठ-सत्तरने चढं राहतं.

घरघर

कान आणि गिटार, दोन्ही लावा. आपली लाइन ५० हर्ट्झची. दोन्ही बाजू चालणारा रेक्टिफायर १०० हर्ट्झची घरघर देतो. सहाव्या तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झचा. घरघर त्या सुराला जवळजवळ लागत असेल तर ती १०० ची, त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० ची.

१०० ची असेल तर फिल्टर वाळले आहेत किंवा ग्राउंड चुकीच्या जागी आहे. पहिल्या फिल्टरचा मायनस आणि ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधून काढलेली वायर) एकाच ठिकाणी, इनपुट जॅकपासून लांब. इनपुटचा ग्राउंड जॅकजवळ. या दोन्हींची खिचडी केली की कितीही कॅपॅसिटर लावा, घरघर राहते.

५० ची असेल तर हीटर. ६.३ च्या वाइंडिंगला सेंटर टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून चॅसिसला १००-१०० ओहम, अर्धा वॅट लावा. हीटरच्या वायरी वेणीसारख्या पिळून चॅसिसच्या कोपऱ्याला चिकटवून न्या. १२एएक्स७च्या २ नंबर पिनेकडे जाणारी वायर त्यांना काटकोनात ओलांडू दे. पण एक फसवणूक इथे आहे: ५वाय३ची एक बाजू किंवा सेकंडरीचं एक टोक सुटलं तरी रेक्टिफायर अर्धा चालतो आणि घरघर ५० ची होते. तेव्हा बी प्लसही पडलेला दिसेल.

जागा शोधायला व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर गेली तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, पहिल्या टप्प्यात. राहिली तर १२एएक्स७ काढा. तरी राहिली तर पॉवर सप्लाय, किंवा दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना समांतर बसलेले. आउटपुटचा नव्वद अंशात फिरवून बघा.

गिटार धरलेला हात बदलला, वळून बसलं की कमी-जास्त होणारी घरघर अ‍ॅम्पची नसते, सिंगल कॉइल पिकअपची असते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाला लागून घर असेल तर मागाच्या मोटारीची टकटकही त्यात येते. अ‍ॅम्प उघडण्याआधी दुसरी गिटार लावून बघा.

शिट्टी, फटफट, खरखर

पहिल्याच वेळी चालू करताच किंचाळणारा सेट बहुधा उलट्या फीडबॅकचा (आउटपुटमधून मागे फिरवलेल्या सिग्नलचा) असतो. स्पीकरकडून येणारा २२ किलोओहमचा रेझिस्टर सोडवा. किंचाळणं थांबलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरींची अदलाबदल करून रेझिस्टर परत लावा. कुठलाही पार्ट खराब नसतो.

फटफटीसारखा संथ फट-फट आवाज आला तर शेवटच्या टप्प्याचा फिल्टर वाळला आहे. त्याच्यावर तात्पुरता दुसरा, १० मायक्रोफॅरड ५०० व्होल्टचा, समांतर जोडा. सेट बंद करून, डिस्चार्ज करून जोडायचा.

खरखरीसाठी वाळलेली लाकडी काडी. चालू सेटमध्ये एकेक पार्ट, एकेक सांधा हलकेच ठोका. एका जागी खरखरलं तर तो डाग पुन्हा गरम करा, जुनं कथील ओढून नवं भरा. ट्यूबला टिचकी मारल्यावर घंटेसारखं वाजलं तर ती मायक्रोफोनिक. व्हॉल्यूम फिरवताना खरखर असेल तर क्लीनर फवारण्याआधी पॉटच्या वरच्या टोकावर डीसी मोजा. तिथे व्होल्टेज असेल तर पॉट निर्दोष, त्याच्या आधीचा कपलिंग कॅपॅसिटर गळका. आणि मागाजवळच्या घरात ट्यूब सॉकेटवर सुताची रुई साचते. ती दमट पावसाळ्यात पिनांमध्ये गळती करते. बंद सेटमध्ये ब्रशने झाडा.

आवाजच नाही, पण व्होल्टेज बरोबर

व्हॉल्यूम थोडा उघडा, मीटरची लाल प्रोब आधी ६व्ही६च्या ५ नंबरला, मग १२एएक्स७च्या ७ ला, मग २ ला टेकवा. टक आवाज प्रत्येक पायरीला मोठा होत गेला पाहिजे. जिथे मेला, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये शोधा. ५ नंबरलाच काही नाही तर स्पीकर जॅक शॉर्ट आहे का बघा. २ नंबरपर्यंत सगळं ठीक असेल तर इनपुट जॅकची शॉर्टिंग पत्ती प्लग घातल्यावरही सुटत नसेल.

बारीक, पत्र्यासारखा आवाज

व्होल्टेज बरोबर, घरघर नाही, तरी मंद्र सूर पिचका येत असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर बघा. एका ६व्ही६च्या सेटमध्ये त्याच्या प्रायमरीतून सतत ४० मिलिअँपिअर डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात फट लागते: ई आकाराचे सगळे पत्रे एका बाजूने, आय आकाराचे सगळे दुसऱ्या बाजूने, मध्ये कागद. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या वाटेवर किंवा शहरात कुठेही वाइंडिंग करून घेतलं तर सवयीने पत्रे आलटून-पालटून भरले जातात, कारण पॉवर ट्रान्सफॉर्मरला तसंच लागतं. गाभा डीसीने भरून जातो आणि खालचे सूर मरतात. पत्रे काढून एका दिशेने भरून घ्या, ई आणि आयमध्ये साध्या कागदाचा एक पदर ठेवून घट्ट आवळा. वाइंडरला कागदावर काढून द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.